लिहिणारे हात आणि वाचणारे डोळे : सोपाऱ्याच्या शिलालेखापासून ब्लॉगपर्यंत

लिहिता येणे ही एक गोष्ट आहे आणि लिहिलेले चार लोकांपर्यंत पोहोचविता येणे ही दुसरी गोष्ट आहे. पहिली गोष्ट शाळा शिकविते. दुसरी गोष्ट मात्र शतकानुशतके ज्याच्या हाती सत्ता, पैसा किंवा छापखाना होता, त्याच्याच हाती राहिली. आपल्या समाजाच्या इतिहासात या दुसऱ्या गोष्टीसाठी जेवढे कष्ट पडले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशासाठी पडले असतील. आज मात्र चांदीपसारख्या गावातील एखादा मुलगा किंवा मुलगी हातातील फोनवर चार ओळी लिहिते आणि त्या ओळी घटकाभरात नागपूर, नांदेड, दुबईपर्यंत जातात. हा बदल लहान नाही. त्याचा लाभ कोणता, धोका कोणता आणि आपली जबाबदारी कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक निमित्त घडले. आमच्या ओळखीतील एका महाविद्यालयीन मुलीने जयंतीच्या सुमारास आपल्या आजीवर एक पानभर मजकूर लिहिला. आजीने वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहिल्या, स्वतः अंगठा उठविला आणि नातीला मात्र शाळेच्या दारापर्यंत रोज सोडले, एवढेच त्यात होते. लिखाण साधे, पण खरे होते. तिने ते फोनवरून मैत्रिणींना पाठविले. आठ दिवसांनी तोच मजकूर एका दूरच्या नातेवाइकाकडून तिच्याकडे परत आला. आजी तीच, विटा त्याच, परंतु खाली नाव भलत्याच गृहस्थाचे आणि शेजारी त्याचा फोटो! मुलगी आमच्याकडे आली व म्हणाली, "काका, ही माझी आजी आहे, हे आता मी कोणाकोणाला सांगत बसू?"

त्या क्षणी आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे, असे वाचकांनी समजावे.

१. दगडावरचे अक्षर

आपल्या तालुक्याला लेखनाचा फार जुना वारसा आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यास मिळाला. पुढे १९५६ साली जवळच भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा भाग सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, संस्कृतात नव्हे तर लोकांच्या प्राकृत भाषेत, राजाने प्रजेला उद्देशून लिहिलेला मजकूर आपल्या परिसरात उभा होता.

आठव्या लेखाचा पूर्ण मजकूर इतर ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. पूर्वीचे राजे शिकारीच्या व करमणुकीच्या यात्रा काढीत. अशोकाने राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीस म्हणजे बोधगयेस जाऊन धम्मयात्रा सुरू केल्या. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धम्माविषयी प्रश्नोत्तरे, अशी कामे असत. येथे 'प्रश्नोत्तरे' हा भाग ध्यानात घेण्यासारखा आहे. राजाला नुसते सांगून भागत नव्हते. लोक काय विचारतात, तेही ऐकावे लागत होते.

कलिंगातील धौली व जौगड येथील स्वतंत्र लेखांत तर अशी आज्ञा आहे की, हा मजकूर तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवावा आणि ऐकणारा एकटाच असला तरी वाचून दाखवावा. बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नसताना मजकूर त्यांच्यापर्यंत नेण्याची ही व्यवस्था होती. दक्षिणेत ब्रह्मगिरी येथील लेखाखाली चापड नावाच्या लेखनिकाने आपले नावही कोरून ठेवले आहे. मजकूर राजाचा, अक्षर चापडाचे आणि दोघांचीही नोंद दगडावर! लेखनाचे श्रेय हा प्रश्न आजचा नाही, हे यावरून दिसते. शिवाय चौदाव्या लेखात अशोक म्हणतो की, काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला असेल, तर त्यात लिहिणाऱ्याची चूकही असू शकेल. आपल्या लेखात चूक असू शकते, असे दगडावर कोरून सांगणारा लेखक विरळाच.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. काळ गेला, ब्राह्मी लिपी लोक विसरले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती पुन्हा उलगडेपर्यंत अनेक शतके ते लेख कोणालाच वाचता येत नव्हते. दगड टिकला, पण वाचक संपला. वाचक संपला की अक्षर मुके होते. आज आपली स्थिती नेमकी उलट आहे. वाचक अमाप आहेत, पण लिहिलेले टिकेल असा दगड मात्र नाही. या मुद्द्याकडे आपण पुढे येऊ.

२. छापखाना कोणाचा?

शिलालेख राजाचा होता. सामान्य माणसाने आपले नाव दगडावर आणले ते लेण्यांमधून. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या सोनाराचे व लोहाराचे दान नोंदलेले आहे आणि कार्ल्याच्या एका खांबावर सोपाऱ्याच्या एका भिक्षूचे नाव आहे. पण तेथे नाव येते ते दानापुरते. मनातले दुःख, राग किंवा प्रश्न त्या दगडावर येत नाही.

तो कागदावर आला एकोणिसाव्या शतकात. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापून आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेची ती विद्यार्थिनी. विचार करा, की त्या काळी अस्पृश्य मुलीने लिहावे आणि ते छापले जावे! पण छापखाना तिचा नव्हता. दुसऱ्याने जागा दिली म्हणून आवाज उमटला. एकदा उमटला, पुढे त्या मुलीचे लेखन आपल्याला दिसत नाही.

दुसऱ्याच्या दारात उभे राहून आवाज कायमचा उमटत नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झाले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास त्या काळच्या प्रतिष्ठित 'केसरी'ने नकार दिला होता. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, चालू पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात. तेव्हा बहिष्कृतांच्या प्रश्नाची चर्चा व्हावयाची तर स्वतंत्र पत्रच हवे.

त्यानंतर महाडचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये झाला आणि अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले. महाडविषयी इतर पत्रांत जे आक्षेप येत होते, त्यांना अंकामागून अंकात उत्तरे देणे हे त्याचे एक मोठे काम होते. 'आजकालचे प्रश्न' हे सदर त्याचीच साक्ष देते. पत्र चालविण्यास माणसे व पैसा अपुरा, त्यामुळे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकहाती भरून काढीत. पुढे २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच 'प्रबुद्ध भारत' असे नामांतर झाले.

या पत्रांचे वाचक किती, हे केवळ खपावरून मोजता येणार नाही. वस्तीत एक अंक यावयाचा, एक साक्षर तरुण तो कंदिलाच्या उजेडात वाचावयाचा आणि भोवती पंधरा-वीस माणसे बसून ऐकावयाची, ही आठवण आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आहे. मध्येच कोणी थांबवून विचारी, कोणी आपल्या गावची हकीकत सांगे आणि ती हकीकत पत्ररूपाने अंकाकडे जाई. वाचक आणि लेखक यांच्यातील देवाणघेवाण ही काही यंत्राने आणलेली नवी गोष्ट नव्हे. फरक एवढाच की, त्या काळी उत्तर यावयाला पंधरवडा लागे.

३. संपादकाचे दार

पत्र आपले झाले तरी साहित्याचे दार बंदच होते. मराठीतील प्रतिष्ठित मासिके काय साहित्य आणि काय नव्हे, हे ठरवीत. त्याविरुद्ध १९६० नंतर अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. अशोक शहाणे यांचे 'असो', राजा ढाले यांचे 'येरू' अशी अनेक छोटी पत्रे निघाली. काही छापलेली, काही सायक्लोस्टाइल केलेली. मेणकागदावर टंकलेखन करावयाचे, शाईचा रूळ फिरवावयाचा, शे-दोनशे प्रती काढावयाच्या आणि हातोहात वाटावयाच्या. संपादक, मुद्रक, वितरक सर्व काही लेखकच. आजच्या ब्लॉगचा हा खरा पूर्वज होय, असे आम्हांस वाटते.

१९६७ साली डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) 'अस्मितादर्श' सुरू केले. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी नुसते अंक काढले नाहीत, तर लेखक-वाचक मेळावे भरविले. खेड्यातील शिक्षक, कारकून, विद्यार्थी तेथे येत. आपली कविता वाचीत, टीका ऐकून घेत आणि पुढच्या वर्षी सुधारून परत येत. वाचक म्हणून आलेला माणूस लेखक होऊन परत जाई. पानतावणे सरांनी असंख्य नवोदितांना स्वतः पत्रे लिहिली. संपादक म्हणजे दार अडविणारा दारवान नव्हे, तर हात धरून आत नेणारा वडील भाऊ, हे त्यांनी दाखवून दिले.

याच काळातील बेबीताई कांबळे यांचे उदाहरण आमच्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे. फलटण येथे आपल्या छोट्या दुकानात बसून त्यांनी आपली कहाणी लिहिली. घरच्यांच्या भीतीने वह्या वर्षानुवर्षे लपवून ठेवल्या. अखेर १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघाले. आज ते जगभर अभ्यासले जाते. वाचकहो, सुमारे वीस वर्षे लपविलेली ती वही उंदरांनी कुरतडली असती, तर? असे किती लेखन कुरतडले गेले असेल, याचा हिशेब कोण देणार?

४. ब्लॉग म्हणजे काय?

इंग्रजीत 'वेबलॉग' म्हणजे महाजालावरील रोजनिशी. त्याचे संक्षिप्त रूप ब्लॉग. मराठीत त्यास 'अनुदिनी' किंवा 'जालनिशी' असेही शब्द सुचविले गेले, पण लोकांच्या तोंडी ब्लॉग हाच शब्द बसला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली आणि २००३ साली गूगलने ती विकत घेतली. त्याच वर्षी 'वर्डप्रेस' आले. यांची योजना सोपी आहे. लिहिणाऱ्याने खाते उघडावे, मजकूर टंकावा, एक कळ दाबावी, की तो प्रसिद्ध झाला. नवे लेखन वर, जुने खाली. प्रत्येक लेखावर तारीख आणि तळाशी वाचकाने प्रतिक्रिया लिहावयाची मोकळी जागा. खर्च नाही, छापखाना नाही, संपादकाचा 'साभार परत' नाही.

मराठीला मात्र एक अडचण होती. प्रत्येकाचा टंक निराळा असे. एकाने टंकलेले दुसऱ्याच्या यंत्रावर उघडले की अक्षरांऐवजी नुसती चिन्हे दिसत. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. सर्वसाधारण संगणकांवर ती पद्धत रुळल्यावर एकाचे मराठी सर्वांना वाचता येऊ लागले. 'मायबोली'सारखे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू होते. परदेशातील मराठी कुटुंबे तेथे लिहीत-वाचीत. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठी ब्लॉग झपाट्याने वाढले. पुढे २०१६ च्या सुमारास इंटरनेट स्वस्त झाले आणि लेखन संगणकावरून फोनवर आले. ज्या घरात कधी लिहिण्याचे टेबल नव्हते, त्या घरातही लेखक झाले. मूकनायकाचे नाव घेऊन मीना कोटवाल यांनी २०२१ साली 'द मूकनायक' हे वार्तापत्र महाजालावर सुरू केले. त्यास छापखान्याची गरज पडली नाही. एका शतकात घडलेला हा प्रवास आहे.

५. तीन बदल

या साधनाने नेमके काय बदलले, त्याचा आम्ही तीन भागांत विचार करतो.

(अ) लेखन बदलले. पूर्वी लेख पूर्ण झाल्याखेरीज छापखान्यात जात नसे. ब्लॉगवरचा लेख आज प्रसिद्ध होतो, उद्या दुरुस्त होतो, परवा त्याला पुरवणी जोडली जाते. भाषा बोलण्याजवळ आली. आगरी, वाडवळी, वारली, वऱ्हाडी असे घरचे बोल, जे छापील पानावर 'अशुद्ध' म्हणून कापले जात, ते तसेच्या तसे येऊ लागले. हा मोठाच लाभ होय. परंतु घाईचे लेखनही वाढले. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसे उचलले बोट लावले काचेला! ज्या मजकुरावर रात्र गेलेली नाही, तो सकाळी लाजवितो, हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे.

(ब) लेखकपण बदलले. पूर्वी लेखक होण्यासाठी दुसऱ्याची मान्यता लागे. आता स्वतःच्या मान्यतेने लेखक होता येते. दारवान गेला हे चांगले झाले. पण त्याबरोबर चूक दाखविणारा, सन तपासणारा, 'हे वाक्य पुन्हा लिही' असे म्हणणारा वडील भाऊही गेला. त्याची जागा आपण कोणाला तरी द्यावयास हवी. शिवाय नाव आणि मजकूर यांची फारकत झाली. एका बोटाने मजकूर उचलता येतो, नाव गाळता येते, दुसरे लावता येते. एवढेच नव्हे, तर बाबासाहेबांनी किंवा भगवान बुद्धांनी कधीही न म्हटलेली वाक्ये त्यांच्या चित्राखाली सर्रास फिरतात आणि आपणच ती श्रद्धेने पुढे पाठवितो. हे श्रद्धेचे नव्हे, आळसाचे लक्षण आहे.

(क) वाचक बदलला. पूर्वीचा वाचक संपादकास पत्र लिही, त्यावर नाव-पत्ता असे आणि ते छापावे की नाही हे संपादक ठरवी. आताचा वाचक तत्क्षणी उत्तर देतो. तो माहिती पुरवितो, चूक दाखवितो, आपल्या गावची गोष्ट सांगतो. पण तोच वाचक खोट्या नावाने शिवीही देतो. विशेषतः जातीविषयी लिहिणाऱ्यांना व लिहिणाऱ्या भगिनींना काय वाचावे लागते, ते येथे छापण्यासारखे नाही. वाचक जवळ आला, पण तो भेटला मात्र नाही.

६. पालघरचा धडा

वाचकाचे बोटही किती जड असू शकते, याचा धडा आपल्याच जिल्ह्याने देशाला दिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई परिसरात सर्व व्यवहार बंद होते. त्या बंदविषयी प्रश्न विचारणारा मजकूर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो आवडल्याची खूण केली. लिहिणारीला तर अटक झालीच, पण नुसती खूण करणाऱ्या वाचक मुलीलाही अटक झाली! पहिलीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. दोघींना जामीन मिळाला, पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले आणि संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आपला स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

या घटनेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कशाच्या आधारे? भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (अ) च्या, म्हणजे भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे. चर्चा करणे, एखादी बाजू मांडणे आणि प्रत्यक्ष चिथावणी देणे या वेगवेगळ्या गोष्टी असून पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे, असा या निकालाचा आशय आहे.

मात्र याचा अर्थ काहीही लिहावे असा नव्हे. बदनामीचा कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ आहे. समाजात वैर पसरविणाऱ्या लेखनास शिक्षा आहे. ज्या संविधानाने आपल्याला लिहिण्याचा हक्क दिला, त्यानेच दुसऱ्याची प्रतिष्ठाही जपली आहे.

७. दगड कोठे आहे?

आता टिकण्याचा प्रश्न. 'ऑर्कुट'वर आपल्या अनेक तरुणांनी चर्चा केल्या, कविता लिहिल्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती सेवा बंद झाली. 'गूगल प्लस' २०१९ साली बंद झाले. कोणी जाळले नाही, कोणी बंदी घातली नाही. कंपनीला परवडेना म्हणून दिवा मालवला आणि अंधारात जे गेले ते गेले. आपल्या अक्षरांचे घर भाड्याचे आहे आणि भाडेपट्टा आपल्या हातात नाही, हे कधी विसरू नये.

याउलट 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे कागद जीर्ण झाले, अंक विखुरले, तरी कोणीतरी ते ट्रंकेत, माळ्यावर, उशाशी जपून ठेवले. म्हणूनच वसंत मून व त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमातून १९९० साली महाराष्ट्र शासनाला ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध करता आले. जपणारे ते वाचक नसते, तर आपल्या इतिहासाचे एक पान कायमचे कोरे राहिले असते. वाचकाचे खरे काम नुसती खूण करण्याचे नसून जपण्याचे आहे.

८. मग त्या मुलीला काय सांगावे?

आमच्या अल्प अभ्यासातून जे हाती लागले, ते आम्ही तिला सांगितले. तेच येथे सर्वांसाठी देतो.

१) नाव, गाव व तारीख घातल्याशिवाय मजकूर पाठवू नये. चापडाने दगडावर नाव कोरले. आपण निदान ओळीखाली लिहावे.

२) लेखन आधी ब्लॉगसारख्या तारीख नोंदविणाऱ्या ठिकाणी ठेवावे व मग फोनवरून वाटावे. प्रथम कोणी लिहिले, याला तो एक पुरावा होतो.

३) प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखन होताच त्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम ५७ प्रमाणे आपण लेखक आहोत असे सांगण्याचा हक्क, लेखन विकले तरीही लेखकाकडेच राहतो.

४) दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठविताना त्याचे नाव कापू नये. नाव माहीत नसल्यास 'लेखक अज्ञात' लिहावे, आपले लावू नये. न दिलेले घेऊ नये, हे शील केवळ वस्तूंपुरते नाही.

५) महापुरुषांचे वचन पाठविण्यापूर्वी ते कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर आहे, ते पाहावे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे खंड उपलब्ध आहेत. सापडले नाही, तर पाठवू नये.

६) लिहिल्यावर एक रात्र जाऊ द्यावी आणि एका जाणत्या माणसाला वाचून दाखवावे. गेलेला वडील भाऊ असा परत आणावा.

७) जे जपण्याजोगे आहे, ते कागदावर उतरवून विहाराच्या ग्रंथालयात ठेवावे.

या सातव्या सूचनेची सुरुवात आम्ही स्वतःपासून केली. त्या मुलीचा आजीवरील मजकूर तिच्या नावासह एका वहीत उतरवून घेतला. अक्षर तिचेच. त्या संध्याकाळी तो विहारात मोठ्याने वाचला गेला. आजी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण आपली गोष्ट कोणी लिहिली हे त्यांना ठाऊक होते. वाचन संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "विटा मोजायची चूक केलीस गं पोरी, एका खेपेला आठ नाय, धा असायच्या." मुलीने तेथेच वहीत आठचे दहा केले.

लेखक, वाचक आणि दुरुस्ती असे तिन्ही त्या एका क्षणी एकत्र आले. साधन दगडाचे असो, कागदाचे असो वा काचेचे असो, लेखनाचा धर्म हाच आहे. खरे लिहावे, आपल्या नावाने लिहावे आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याचे ऐकून घ्यावे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराची बंदी होती, त्यांनी अक्षर हातात आल्यावर ते स्वस्त होऊ देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अशोकाच्या शिलालेखांत वाचक-श्रोत्यांचा विचार कोणकोणत्या प्रकारे केलेला दिसतो?

२. 'मूकनायक' स्वतंत्रपणे काढण्याची गरज का भासली? आज ती गरज संपली आहे काय?

३. संपादक नसण्याचे दोन लाभ व दोन तोटे सांगा.

४. पालघरच्या घटनेवरून वाचकाच्या हक्काविषयी व जबाबदारीविषयी काय शिकावयास मिळते?

५. आपल्या घरातील एका वृद्ध व्यक्तीची हकीकत एक पानभर लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करून विहाराच्या वहीत नोंदवा.